टाकणखार आणि बोरॉन



यंदाच्या मालेत एका कामगार कार्यकर्त्याचे नाव वाचून पुष्कळांनी मनाशी अंदाज बांधला असेल की, बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी काहीतरी आज कानावर पडणार. पण विषयाच्या जागी 'बोरॉन' असे छापलेले पाहून एका स्नेह्यांनी मला वाटेत अडवून विचारले, "बोरांच्या लागवडीवर बोलणार आहात काय?" बोरांशी या बोरॉनचा काही संबंध नाही. ते एक मूलद्रव्य आहे. मी रसायनशास्त्राचा पदवीधर नाही; माझे शालेय शिक्षण दहावीच्या उंबरठ्याशी थांबले आणि पुढचे सारे वाचनालयात झाले. तेव्हा प्राध्यापकाच्या अधिकाराने मी बोलू शकणार नाही. मात्र प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी हातांतून जाते, आणि त्या हातांच्या बाजूने तिच्याकडे पाहण्याची मला सवय लागलेली आहे. आज बोरॉनकडे तसेच पाहावयाचे आहे.

मूलद्रव्यांच्या तक्त्यात बोरॉनचा क्रमांक पाचवा. शेजारच्या सहाव्या घरात कार्बन राहतो. कार्बनला चार हात आहेत असे समजा. त्या चार हातांनी तो इतरांना आणि आपल्या भाऊबंदांना धरून कोळसा, हिरा, साखर, कापूस आणि तुमचाआमचा देह उभा करतो. बोरॉनला हात तीनच. आणि गंमत अशी की, तिन्ही हातांनी कोणाला तरी धरले तरी त्याचे समाधान होत नाही. अणूभोवती आठ इलेक्ट्रॉनांचे कोंडाळे पुरे व्हावे असा बहुतेक अणूंचा कल असतो. बोरॉनजवळ सहाच जमतात, दोन कमी पडतात. या उणेपणामुळे तो सदैव कोणाचा तरी आश्रय शोधीत असतो, आणि विशेषेकरून प्राणवायूचा. एकदा प्राणवायू सापडला की त्याला तो सहजासहजी सोडीत नाही. म्हणून निसर्गात सुटा बोरॉन कोठेही मिळत नाही. मिळतात ते त्याचे क्षार, आणि त्यांतला सर्वांच्या ओळखीचा म्हणजे टाकणखार. कोणी त्याला सवागी म्हणतात, संस्कृत वैद्यकग्रंथांत त्याला टंकण म्हटले आहे, दुकानदार बोरॅक्स म्हणतो.

टाकणखार माणसाला शेकडो वर्षे माहीत होता, पण त्याच्या पोटात एक नवे मूलद्रव्य दडलेले आहे हे कळावयास १८०८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लंडनला हंफ्री डेव्ही आणि पॅरिसला गे-ल्युसॅक व थेनार्ड यांनी ते वेगळे काढले. त्या वेळी दोन्ही देशांत युद्ध चालू होते. हाती आलेला बोरॉन फारसा शुद्ध नव्हता, कारण प्राणवायूचा हात सोडवून त्याला एकटे उभे करणे हे मोठे जिकिरीचे काम. शुद्ध बोरॉन काळसर असतो, अतिशय कठीण असतो, आणि दोन हजार अंशांच्या वर तापवावे तेव्हा कोठे वितळतो.

तो दुर्मीळ का आहे, हेही ऐकण्यासारखे आहे. लोखंड, कार्बन, प्राणवायू ही द्रव्ये ताऱ्यांच्या पोटात शिजून तयार झाली. बोरॉन तेथे टिकत नाही, त्या आचेत तो मोडून जातो. अवकाशातून भरधाव जाणारे विश्वकिरण कार्बनच्या वा प्राणवायूच्या अणूंवर आदळतात, त्या टकरीत अणूंचे तुकडे उडतात, आणि त्या तुकड्यांत बोरॉन असतो. म्हणजे भट्टीत तयार झालेला हा माल नव्हे, अपघातात सांडलेला आहे. पृथ्वीच्या कवचात दहा लाख भागांमागे तो जेमतेम दहा भाग भरेल. पण त्याचे क्षार पाण्यात विरघळतात, ही माणसाच्या पथ्यावर पडलेली गोष्ट. ज्वालामुखीच्या मुलखातले ऊन झरे ते क्षार वर आणतात, पाणी खोलगट जागी साचते, कडक उन्हाने आटते, आणि तळाशी पांढरी साय उरते. असे योग जगात थोड्याच ठिकाणी जुळून आले : तिबेट व लडाख, तुर्कस्तान, कॅलिफोर्निया, आणि दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचे पठार. तुर्कस्तानात जगातील ज्ञात साठ्यांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास साठा आहे, आणि तेथील सरकारने १९७८ साली कायदा करून तो राष्ट्राच्या मालकीचा केला. आपल्याकडे लडाखच्या पुगा खोऱ्यात तो थोडा आहे. बाकी आपली गरज आयातीवर भागते.

आता सोनाराच्या दुकानात चला. बांगडीचा सांधा जुळवावयाचा आहे. दोन टोके एकमेकांजवळ आणली, मध्ये डाकेचा कण ठेवला आणि फुंकणीने ज्योत सोडली. पण तापलेल्या धातूवर लगेच हवेतला प्राणवायू चढतो आणि त्याची एक पातळ काळपट खपली तयार होते. तिच्यावर डाक पसरत नाही, नुसती गोळी होऊन बसते. म्हणून सोनार आधी सांध्याला सवागीचे पाणी लावतो. सवागीत जवळजवळ निम्मे वजन पाण्याचेच असते. आच लागताच ते उसळून बाहेर पडते आणि सवागी लाहीसारखी फुलते. मग ती बसते, वितळते आणि काचेसारखा पातळ रस होऊन सांध्यावर पसरते. तो रस ती खपली आपल्यात विरघळवून घेतो आणि वरून हवाही अडवितो. डाक क्षणात धावते. बोरॉनला प्राणवायूची जी हाव आहे, तिचा हा उपयोग. रसायनशास्त्र जन्माला येण्याच्या कितीतरी आधी आपल्या कारागिरांनी तो हेरला होता. त्या रसात वेगवेगळ्या धातूंची खपली विरघळली म्हणजे वेगवेगळे रंग येतात, तांब्याने आणि कोबाल्टने निळा, क्रोमियमने हिरवा, मँगॅनीजने जांभळा. प्रयोगशाळेत धातू ओळखावयास विद्यार्थी अजून हाच मणी करतात.

ही सवागी आपल्या पेठांत येई कोठून? तिबेटच्या सरोवरांच्या काठून. आणि येई मेंढ्यांच्या पाठीवरून. चौदा-पंधरा हजार फुटांवरच्या खिंडींतून बैलगाडी जाणे शक्य नव्हते, म्हणून मेंढीबकऱ्यांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लहान लहान थैल्या बांधीत, सुमारे दहा किलो ओझे एकेका जनावराला, आणि असे शेकडोंचे कळप हिमालय उतरून खाली येत. धान्य वर जाई, मीठ आणि टाकणखार खाली येई. तोच माल पुढे युरोपला जाई. व्हेनिसच्या कारागिरांनी तो शुद्ध करण्याची कृती दीर्घकाळ गुपित ठेवून त्यावर पैसा केला. युरोपातील व्यापारी कच्च्या टाकणखाराला 'टिंकल' म्हणत. तो शब्द आपल्या टंकणावरूनच गेलेला. आजही तुर्कस्तानच्या खाणीतून निघणाऱ्या खनिजाला हेच नाव आहे. एकोणिसाव्या शतकात इटलीतील टस्कनीच्या ऊन वाफेच्या कुंडांतून बोरिक अम्ल निघू लागले आणि तिबेटच्या मालाची किंमत उतरली. १९६२ च्या युद्धानंतर तर त्या खिंडीच बंद झाल्या. नफ्याची कथा व्हेनिसच्या नावावर लागली; ते ओझे खाली आणणाऱ्या मेंढपाळांची नावे कोणाच्या वहीत नाहीत.

याच्याहून ठसठशीत उदाहरण अमेरिकेतले आहे. कॅलिफोर्नियात 'डेथ व्हॅली' नावाचे खोरे आहे. मृत्यूचे खोरे हे नाव उगीच पडलेले नाही. उन्हाळ्यात तेथे पन्नास अंशांच्या आसपास तापते. तेथे हार्मनी नावाचा बोरॅक्सचा कारखाना १८८३ ते १८८८ या काळात चालला. जमिनीवर कापसाच्या बोंडासारखे पांढरे गोळे पसरलेले असत; ते खरवडून, टोपल्यांत भरून आणावयाचे. हे काम करीत ते मुख्यतः चिनी मजूर. दिवसाची मजुरी सव्वा डॉलरच्या आसपास, आणि तीतून राहण्याचे व कंपनीच्याच दुकानातून घेतलेल्या धान्याचे पैसे कापले जात. आपल्याकडच्या जुन्या चाळकऱ्यांना ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही. कारखाना सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ साली, अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी केली होती. म्हणजे ज्यांनी यावयाचे नव्हते त्यांच्याच जातभाईंच्या हातांनी ते गोळे उचलले जात होते. उन्हाळ्यात इतके तापे की द्रावण थंड होऊन त्याचे स्फटिकच बनेनात, म्हणून त्या दिवसांत काम दुसरीकडे हलवीत. स्फटिकांना सोसले नाही म्हणून काम हलले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तयार माल १६५ मैलांवरच्या मोहावे स्टेशनापर्यंत न्यावा लागे. एकामागे एक दोन प्रचंड गाडे, त्यांच्या मागे पाण्याची टाकी, आणि ओढावयास अठरा खेचरे व दोन घोडे. जाण्यास दहा दिवस, येण्यास दहा दिवस. बरोबर माणसे दोनच. पुढे रेल्वे आली आणि ही वाहतूक संपली. पण कंपनीने वीस खेचरांचे चित्र आपल्या पुड्यावर छापले आणि तो पुडा घरोघर गेला. खेचरे अजरामर झाली! टोपल्या भरणारे चिनी मात्र पुड्यावर आले नाहीत. त्याच खोऱ्याच्या नावाने ही कंपनी रेडिओवर व नंतर टेलिव्हिजनवर गोष्टींचा एक कार्यक्रम चालवीत असे. १९६४-६५ मध्ये त्याचे निवेदक होते रोनाल्ड रेगन. हे गृहस्थ त्याआधी नटांच्या युनियनचे अध्यक्ष होते, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९८१ साली संपावर गेलेल्या अकरा हजारांवर विमान-नियंत्रकांना त्यांनी एका फटक्यात कामावरून काढून टाकले. विषयांतर झाले खरे, पण बोरॅक्सचा पुडा विकून माणूस कोठवर जातो ते कळावे म्हणून सांगितले.

त्याच कॅलिफोर्नियात आज बोरॉन नावाचे गाव आहे. सारे गाव एका मोठ्या उघड्या खाणीवर जगते. ३१ जानेवारी २०१० रोजी खाणीची मालक असलेल्या रिओ टिंटो या कंपनीने फाटकाला कुलूप घातले. करारावरून बोलणी फिसकटली होती. पाळ्या बदलणे, बाहेरून माणसे आणून काम करविणे याची मोकळीक कंपनीला हवी होती. सुमारे ५७० कामगार बाहेर राहिले, आणि बसमध्ये भरून आणलेली बदली माणसे आत गेली. त्या कामगारांची युनियन मुळात गोदी कामगारांची. त्यामुळे लॉस एंजलिसच्या गोदीतून धान्याने भरलेल्या गाड्यांची रांग वाळवंटात आली. १०७ दिवसांनी, मे महिन्यात, समझोता झाला आणि माणसे आत गेली. ज्यांनी १९८२ चा गिरणी संप पाहिला आहे, त्यांना या १०७ दिवसांचा अर्थ वेगळा सांगावयास नको. आपल्या संपाला असा शेवट लाभला नाही.

हा सारा माल जातो कोठे? सर्वांत मोठा वाटा काचेत जातो. साधी काच तापली की फुगते, गार झाली की आकसते. एक भाग तापलेला आणि दुसरा गार असला की दोहोंत ओढाताण होऊन ती तडकते. जर्मनीत येना येथे ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचेत बोरॉनचे ऑक्साइड घालून पाहिले. बोरॉन आणि प्राणवायू यांची पकड इतकी घट्ट की, या काचेचे फुगणे साध्या काचेच्या एकतृतीयांशावर आले. अमेरिकेत रेल्वेच्या कंदिलांच्या काचा थंडीपावसात तडकत. आतून ज्योतीची आच, बाहेरून थंड पाण्याचा सपकारा! सिग्नलची काच फुटली म्हणजे गाडीवानाच्या आणि उतारूंच्या जिवावर बेतावयाचे. कॉर्निंग कंपनीने त्यासाठी हीच काच वापरली. त्या कंपनीत जेसी लिटलटन नावाचे शास्त्रज्ञ होते. १९१३ साली त्यांच्या पत्नी बेसीबाई यांचे भाजण्याचे मातीचे भांडे फुटले. त्यांनी नवऱ्याला सांगितले, तुमच्या काचेचे काही असेल तर आणा. त्यांनी बॅटरीच्या बरणीचा तळ कापून आणला आणि बाईंनी त्यात केक भाजला. केक चांगला झाला, भांडे फुटले नाही, आणि १९१५ पासून 'पायरेक्स' बाजारात आले. शोधाचे श्रेय नवऱ्याच्या खात्यात टाकण्याचा रिवाज आहे. मी ते अर्धे तरी बेसीबाईंच्या नावावर मांडतो. आपल्याकडे १९६२ साली मुंबईत सुरू झालेल्या बोरोसिल कंपनीच्या नावात बोरॉनही आहे आणि सिलिकाही. मात्र काचेचे प्रत्येक चकचकीत भांडे या काचेचे नसते. विस्तवावर ठेवण्याआधी तळाशी 'बोरोसिलिकेट' लिहिले आहे की नाही ते वाचून घ्यावे.

पोलादाची गोष्ट तर अधिक विलक्षण. एका टन पोलादात अवघा दहा ते तीस ग्रॅम बोरॉन मिसळला, तर पाणी दिल्यावर ते पोलाद खोलवर कठीण होते. नांगराचे फाळ, बोल्ट, मोटारीच्या सांगाड्याचे भाग यांत असे पोलाद वापरतात. सिलिकॉनच्या चकतीत लक्षावधी अणूंमागे एखादा बोरॉनचा अणू बसवितात. चार हातांच्या गर्दीत हा तीन हातांचा गडी आला की एक जागा रिकामी राहते, त्या रिकाम्या जागेतून वीज पुढे सरकते, आणि तुमच्या खिशातला मोबाईल चालतो. तारापूरला १९६९ साली सुरू झालेल्या अणुभट्ट्यांच्या नियंत्रक कांड्यांतही बोरॉनच आहे. दर पाच बोरॉन अणूंतला एक अणू न्यूट्रॉन गिळण्यात पटाईत असतो. कांडी आत सरकविली की साखळी थांबते. १९८६ साली चेर्नोबिलला भट्टी उघडी पडली, तेव्हा वैमानिकांनी हेलिकॉप्टरमधून वाळू, शिसे व माती यांच्याबरोबर सुमारे ४० टन बोरॉन कार्बाइड खाली टाकले, ते याच गुणासाठी.

आता शेताकडे वळतो, कारण या सभेत शेतीशी नाते असलेली मंडळी पुष्कळ असतील. १९२३ साली इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे कॅथरिन वॉरिंग्टन या बाईंनी दाखवून दिले की, बोरॉन अजिबात न मिळाल्यास घेवड्याच्या जातीचे रोप जगत नाही. बोरॉन कमी पडला की फ्लॉवरचा गड्डा तपकिरी पडतो आणि दांडा आतून पोकळ होतो. द्राक्षाच्या घडात काही मणी टपोरे आणि काही मुगाएवढे राहतात. म्हणून नाशिककडचे बागाईतदार फुलोऱ्याच्या आधी बोरॉनची फवारणी करतात. पण येथे एक मोठा पेच आहे. हवे तेवढे आणि नको तेवढे यांतले अंतर बोरॉनच्या बाबतीत फार थोडे. द्राक्षासंत्र्यांसारख्या नाजूक झाडांना पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आसपास बोरॉन असला, तरी पानांच्या कडा करपू लागतात. शेजाऱ्याने दोन मापे टाकली म्हणून आपण चार टाकावी, हा हिशेब येथे चालत नाही. आधी माती तपासून घ्यावी.

मापाची हीच गोष्ट घरातही लागू आहे. कॅरमच्या फळीवर आपण जी पावडर टाकतो, ती पुष्कळदा बोरिक असते. तिचे कण पत्त्यांच्या कॅटासारखे थरावर थर रचलेले असतात आणि थर एकमेकांवरून घसरतात, म्हणून सोंगटी पळते. तीच पावडर कणीक व साखर यांत मळून झुरळांसाठी ठेवतात. झुरळ ती खाते आणि सावकाश मरते. पूर्वी डोळे धुवावयास बोरिकचे पाणी आणि जखमेला बोरिकचा कापूस असे. कलकत्त्याला १९२९ साली स्वदेशीच्या भरात निघालेले 'बोरोलिन' अजून घरोघर आहे. त्वचा धड असेल तर त्यातून बोरिक फारसे आत शिरत नाही. पण पोटात गेले, किंवा सोललेल्या त्वचेला लागले, तर गोष्ट वेगळी. तान्ह्या मुलांना तर ते विषच. विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांत इस्पितळांत आणि घरांत अशी मुले दगावली, तेव्हा डॉक्टरांनी ते बाजूला ठेवले. आपल्याकडे तोंड आले किंवा खोकला झाला म्हणजे टाकणखाराची लाही मधातून चाटवावयाची चाल आहे. आजीबाईंच्या बटव्याविषयी मला आदर आहे. तरी पण हे चाटण वैद्य किंवा डॉक्टर यांना विचारल्याखेरीज लहान मुलाच्या जिभेवर ठेवू नये, हे मला स्पष्ट बोलले पाहिजे. आणि टाकणखार, पापडखार व तुरटी या तीन पांढऱ्या वस्तू एकाच फळीवर बिनचिठ्ठीच्या पुड्यांत ठेवू नयेत.

बिनचिठ्ठीचा पुडा घरात असतो तसा कारखान्यातही असतो, फक्त तो पन्नास किलोंचा असतो. आपल्या घरातले इनॅमलचे मग, ताटल्या, टमरेल आठवा. पत्र्यावरचा तो चकचकीत थर म्हणजे एक प्रकारची काचच. वाळू, टाकणखार व इतर खनिजे भट्टीत वितळवून तो रस पाण्यात ओततात. त्याचे तडतडून खडे होतात, ते दळून पत्र्यावर चढवितात. १९८९ च्या सुमारास ठाण्याकडच्या अशाच एका कारखान्यात मी माल मिसळण्याच्या खात्यात होतो. पोती फोडून चाळणीवर रिकामी करावयाची. धुरळा असा उडे की समोरचा माणूस दिसत नसे. पोत्यावरची अक्षरे परदेशी; आम्ही त्याला 'सफेद माल' म्हणत असू. खात्यातल्या पोरांचे डोळे चुरचुरत, घसा कोरडा पडे, आणि दर चारआठ दिवसांनी कोणाचा तरी घोळणा फुटे. मुकादमाला विचारले तर तो म्हणे, "मीठ आहे रे, मीठ. खारट लागते का बघ." साहेबांना विचारले तर ते म्हणत, कारखान्याचे गुपित आहे.

आमच्यात सोनाराघरचा एक मुलगा होता. धंदा बुडाला म्हणून कारखान्यात आलेला. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने चिमूटभर माल भट्टीजवळच्या तापलेल्या पत्र्यावर टाकला. तो लाहीसारखा फुलला. मुलगा हसून म्हणाला, "अरे, ही तर आमच्या घरची सवागी!" गुपित असे फुटले. नाव कळल्यावर वाचनालयात जाता आले. नाव नसले तर माणूस ग्रंथपालाला तरी काय विचारणार? पुढे मला कळले की, कॅलिफोर्नियातील बोरॅक्सच्या कामगारांची डॉक्टरांनी तपासणी केली होती आणि तिचा अहवाल १९८५ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात कोरडे तोंड, कोरडा खोकला, नाकातून रक्त, सारे आमच्यासारखेच होते. म्हणजे जगाला ते चार वर्षे आधीच ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते आमच्या खात्याला.

युनियनने तीन मागण्यांचे पत्र दिले : पोत्यावर मालाचे नाव मराठीत असावे, तोंडाला चांगला मास्क मिळावा, आणि चाळणीवर धुरळा ओढून घेणारा पंखा बसवावा. पगारवाढीची मागणी त्यात मुद्दामच घातली नव्हती. भोपाळमध्ये १९८४ साली जे झाले, त्यानंतर १९८७ साली फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये १११-अ हे कलम घालण्यात आले होते. आपल्या आरोग्याला व सुरक्षिततेला लागू असलेली माहिती मालकाकडून मागण्याचा हक्क त्याने कामगाराला दिला. त्याचा आधार आम्ही घेतला. कलमांचे आकडे आणि कायद्यांची नावे बदलत राहतात, २०२० साली नवी संहिताही संमत झाली. पण मागणे तेच आहे.

या ठिकाणी मला न्यायाने बोलले पाहिजे. टाकणखार म्हणजे काही शिसे किंवा अ‍ॅस्बेस्टॉस नव्हे. युरोपात २०१० साली बोरिक अम्ल व बोरॅक्स यांचा समावेश प्रजननाला अपाय करणाऱ्या, काळजीच्या पदार्थांच्या यादीत करण्यात आला, तो मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून. उलट चीन आणि तुर्कस्तान येथे प्रत्यक्ष कामगारांच्या ज्या तपासण्या झाल्या, त्यांत तसा स्पष्ट परिणाम आढळला नाही. तेव्हा कोणाला भिवविण्याचा माझा हेतू नाही. भ्यावे की भिऊ नये, हे ज्याच्या नाकातून रक्त येते त्याला ठरवू द्यावे, आणि त्यासाठी त्याला नाव व माप सांगावे, इतकेच आमचे म्हणणे होते.

आठ महिने बोलणी चालली. मास्क आले, ते पहिल्यांदा साध्या कापडाचे. दुसऱ्यांदा बरे आले. पंखा सर्वांत शेवटी बसला, आणि तो बसल्यावर महिनाभरात घोळणा फुटण्याची तक्रार जवळजवळ थांबली. पोत्यांवर मात्र नाव छापून आले नाही. परदेशातून येणारी पोती आपण कशी छापणार, असे साहेब म्हणाले, आणि ते चुकीचे नव्हते. तेव्हा आम्हीच एक पत्रा रंगवून खात्याच्या दाराशी टांगला : 'टाकणखार. धुरळा नाकातोंडात जाऊ देऊ नये. हात धुतल्याशिवाय भाकरी खाऊ नये.' ते अक्षर त्या सोनाराच्या मुलाचे होते. हा पत्रा वाचावयास मिळाला तो खात्यातल्या कायम कामगारांना. गोदामात ट्रकवरून पोती उतरविणारे हमाल ठेकेदाराचे. ते आमच्या खात्याच्या दाराशी कधी येतच नसत. त्यांच्यासाठी दुसरा पत्रा गोदामावर टांगू द्यावा म्हणून केलेल्या अर्जाला, ती माणसे आमची नव्हेत, असे उत्तर मिळाले. फाटलेली पोती मात्र तेच उचलीत.